ताप

इंग्रजीच्या शब्दकोशात आमची देवळाली आहे,
मोडक्या उच्चारात. अर्थ : डोकं फिरलेला.
पुढे ‘टॅप’ असंही लिहिलंय.
मुलीनं दुकानात मोठ्यानं वाचलं, म्हणाली, टॅप म्हणजे नळ ना?
इस्त्री तापली होती, मी मान वर केली नाही.
नळ नव्हे, म्हटलं. ताप. आपलाच.

लहानू परीट सांगायचे, आजोबांचे थोरले भाऊ :
मुदत भरलेले गोरे इथे आणून ठेवायचे, बोटीसाठी.
बोट लागायची थंडीत.
चैत्रात आलेला दिवाळीपर्यंत बसून.
काम नाही, कवायत नाही,
बराकीचे पत्रे मोजायचे, चुकायचे, परत मोजायचे.
एक जण बुटांसकट दारणेत उतरला
आणि मासे कुठल्या पलटणीचे विचारू लागला.
डॉक्टर म्हणाला, ताप.
जाताना तो शब्द तेवढा नेला त्यांनी.

बाबांना नावं वाचता येत नव्हती.
कॉलरच्या आत बिब्ब्याची खूण :
दोन ठिपके म्हणजे तांबड्या मानेचा,
कावळ्याचा पाय म्हणजे
पत्र लिहून फाडणारा.
बिब्बा धुण्यानं जात नाही.

मग एका सकाळी ट्रक भरून गेले सगळे.
काठावर एक्केचाळीस सदरे वाळत होते.
बाबांनी इस्त्री केली, घड्या घातल्या,
तीन दिवस बराकीच्या पायरीवर बसले.
पहारेकरी म्हणाला, संपलं, आता छावणी आपली.
धुलाईचे साडेसात रुपये कुणाकडे मागायचे
ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

सदरे घरात विरले, हळूहळू, पोराटोरांच्या अंगावर.
वडिलांचं लग्न कावळ्याच्या पायात लागलं,
मापाचा तोच निघाला.
आणि बाबा, दर कार्तिकात,
अंगणात उभे राहून विचारायचे, बोट लागली का रे?
घरातले म्हणायचे, लागली, बाबा, जेवून घ्या.

अजूनही सरावाच्या तोफा सुटल्या
की दुकानाची काच थरथरते.
तिच्याखाली मी पाटी लावलीय :
तीस दिवसांत न नेलेल्या कपड्यांची
जबाबदारी आमची नाही.
मागच्या फळीवर दोन वर्षांपूर्वीची एक पँट आहे.
आज परत इस्त्री केली.