दोन पंपांमधलं अंतर

राजेशमनं मंगोलियाचा नकाशा
चार झेरॉक्स चिकटवून केलाय.
जोडावर एक नदी दोन सूत सरकलीय.
"ती तिथं ओलांडायची नाही," तो म्हणतो.

अशोक चौकात रात्री दहालाही
डांबराला चप्पल चिकटते.
आम्ही थंडीच्या कपड्यांची यादी करतो.

दोन पंपांमध्ये तीनशे दहा किलोमीटर.
टाकी तेरा लिटरची. म्हणजे कॅन.
कडक भाकरी महिनाभर टिकेल,
शेंगाचटणी त्याहून जास्त,
आपलं दोघांचं माहीत नाही.

पद्मा टॉवेलच्या कडा शिवता शिवता विचारते,
"पंक्चरला काय म्हणतात तिकडं?"
राजेशम प्रश्न वहीत उतरवतो,
पुढं जागा मोकळी सोडतो.

बावीस वर्षं माग दुरुस्त करतोय मी.
धोटा दिवसभर पळतो
आणि पाच फुटांतच असतो.
एकदा त्याच्या धावेचा हिशेब मांडला होता,
तो कधीच पोचला असता.

भिशी लागली तर पुढचा जून.
नाही लागली तर त्याच्या पुढचा.

तोवर पहाटे दुधाला जाताना
रिकाम्या बोळात मी गाडी
उजव्या बाजूनं चालवून बघतो.
समोरून कुत्रं येतं, आपल्या बाजूनं.
थांबतो. मीच.