वजनाचा कागद

उणे अडतीस.
इंजिनांवरची रजई ओढून काढताना
हातमोज्यांच्या आत बोटं आधी दुखतात,
मग दुखायची थांबतात.
थांबली की घाबरायचं असतं.
हे मला ऑरेस्टने शिकवलं, इथल्या पहिल्या हिवाळ्यात.
तो आता रेजायनात विमा विकतो.

जॅरेट कपाळावर दिवा बांधून पंखाखाली वाकलाय,
इंधनात पाणी उतरलंय का बघायला
बाटली उजेडापुढे धरतो, प्रयोगशाळेतल्या माणसासारखी.
चोवीस वर्षांचा. उजव्या खुर्चीतला.
मी गेले तर डावी खुर्ची त्याची.
तो विचारत नाही.
इतकं सांभाळून विचारत नाही
की मला ऐकू येतं.

पत्र सोमवारी आलं.
टोरोंटो, तीन मार्चची बॅच,
उत्तर शुक्रवारी दुपारी बाराच्या आत.
वर लिहिलंय, पुन्हा एकदा स्वागत,
जणू मी मधल्या वेळात कॉफी आणायला गेले होते.
सहा वर्षांपूर्वी ह्यांनीच ओळखपत्रं परत मागवली,
कुरियरचा खर्च आमच्याकडून.
तेव्हा माझा क्रमांक चार हजार एकशे बारा.
परतीची मुदत कधीच टळली,
आता नव्याने सगळ्यांच्या शेवटी.
तिथे माणसाला वय नसतं, क्रमांक असतो.
रजा क्रमांकाने, नाताळ क्रमांकाने,
झोपसुद्धा.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये म्हणतात.
उडत्याबद्दल कुणी काही सांगून ठेवलेलं नाही.

चार रात्री माझं तळ्यात-मळ्यात.
खिडकीबाहेरचं खरं तळं
नोव्हेंबरपासून एका जागी गोठून.
मी स्वयंपाकघरात वजनाचा एक कोरा कागद घेऊन बसले,
रोज भरतो तोच.
वजन गुणिले अंतर, मग बेरीज, मग भागाकार,
आणि विमानाचा तोल
बोटभर चौकटीत पडतो की नाही ते पाहायचं.
पगार : दोन वर्षं निम्मा.
घराचा हप्ता : अख्खा.
इथे आठ दिवस काम, सहा दिवस घर.
तिथे रात्री दोनचा सिम्युलेटर,
डाव्या इंजिनाला आग, पुन्हा आग, पुन्हा,
घामाने पाठ ओली,
आणि मला ते आवडायचं, हे कुणाला सांगू?
ग्रीनलंडच्या काठावर एकदा
खालच्या बर्फाआधी आमचे पंख उजळले होते.
त्याला या कागदावर रकाना नाही.

मुलगी : तीस किलो.
इथे पेन थांबलं.
तीस किलो म्हणजे काहीच नाही,
एक ऑक्सिजनची टाकी आणि थोडं सामान.
पण तोल वजनाने जात नाही,
ते किती लांब ठेवलंय त्याने जातो.
तीस गुणिले चोवीसशे किलोमीटर.
मी उत्तर लिहिलं नाही.

मार्सेल भांडी पुसत होता.
म्हणाला, टोरोंटोत गाडी लावायला
महिन्याला किती पडतात?
म्हणजे मनाने तो तिथे जाऊन
जागा शोधूनही आला होता.

आज शुक्रवार. स्टोनी रॅपिड्स.
खडीच्या धावपट्टीवर वारा आडवा,
फोनला रेंज एक कांडी, तीही येऊन जाऊन.
जॅरेट माझ्या पाटीवरून कागद उचलतो, सहीसाठी,
आणि थबकतो.
हे तीस किलो कसले?
ते माझं आहे, मी म्हणते.
तो खालची ओळ वाचतो, मार्चची तारीख वाचतो,
कागदाची नीट चौघडी करतो,
माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवतो
आणि नवा कागद काढतो.
त्याचे कान लाल झालेत, थंडीने असतील.

डेल्फीन स्ट्रेचर आत सरकवते.
व्हर्जिनीबाई, डायलिसिस, त्रेपन्न किलो,
गेल्या खेपेपेक्षा दोनने कमी.
पट्टे आवळताना त्या मान वळवून बघतात,
दर वेळी विचारतात तसं विचारतात,
आज तूच का?
बाराला चाळीस मिनिटं.
मीच, मी म्हणते.
त्या डोळे मिटतात.
त्यांनी आजचंच विचारलंय.