भरीव

नववा लागला, तसा श्रीरंगने
माळ्यावरून पडद्याचा दांडा काढला
आणि छत वाजवायला घेतलं.
टक्. टक्. टक्.
मग एकदम ढप्.
"इथं पोकळ आहे," म्हणाला,
आणि स्टुलावर चढून खडूनं
पोळपाटाएवढा गोल काढला.

वाशीतली जुनी इमारत, दुसरा मजला,
खाडीच्या हवेनं आतल्या सळया फुगलेल्या.
मागच्या मे महिन्यात ताटाएवढा पोपडा
सरळ भाताच्या पातेल्यात पडला होता.
हसलो होतो आम्ही.
तेव्हा दोघंच होतो.

मी बेलापूरला नकाशे काढते.
शाळेसाठी राखीव, बागेसाठी राखीव,
पोस्टासाठी, दफनभूमीसाठी.
वीस वर्षांनी येणाऱ्या माणसांना
आज रेषेत बसवून ठेवते.
आणि घरी तीनशे तीस चौरस फुटांत
एका माणसाची जागा निघेना.
दोन फूट बाय तीन.

खिडकीशी ठेवावं, तर डास, आणि सकाळी घंटागाडीचं तेच ते गाणं.
फ्रिजशेजारी? तो दर वीस मिनिटांनी घसा खाकरतो.
कपाटाच्या अंगाला?
कपाटावर बॅगा, बॅगांवर आकाशकंदील,
कंदिलावर, नीट पाहिलं तर, आणखी एक खडूचा गोल.

पेणहून विमलआत्या झोळीची दोरी घेऊन आल्या,
आणि नऊवारी, धुऊन धुऊन सायीसारखी झालेली.
"तुझा नवरा यातच वाढला.
मान वाकडी झाली का त्याची?"
मी नुसतं वर बोट केलं.
आकडा अडकवायचा कशात, आत्या?
त्या बराच वेळ छत बघत राहिल्या.
मग कात्री मागितली.
नऊवारीची आठ दुपटी झाली,
काठाचा तुकडा मात्र त्यांनी पिशवीत परत ठेवला.

दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या होत्या,
उताणं निजवा, उशी नको, मऊ गादी नको,
तुमच्याच खोलीत, पण
त्याच्या स्वतःच्या जागेवर.
रिक्षात मला हसू आलं.
स्वतःची जागा!
इथं इमारतीखालची जमीनसुद्धा
साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं.

शेवटी ठरवलं ते टाक्यांनीच.
सिझरनंतर उजव्या कुशीवर वळता येईना,
म्हणून पाळणा डावीकडे.
डावीकडे वर तीन गोल.
म्हणून पलंग सरकवला, तर दार अर्धंच उघडू लागलं.
फिरवला, तर आत्या म्हणाल्या, उत्तरेला डोकं? नको गं बाई.
आता आमचा पलंग खोलीत तिरका उभा आहे,
अंगणात कुणीतरी विसरून गेलेल्या हातगाडीसारखा.
काटकोनावर पगार घेणारी मी
रोज त्याच्या कोपऱ्याला पोटरी आपटून घेते.

वरच्या राधामणी टीचर बाळ बघायला आल्या.
मुलीच्या हातात वीस रुपयांची कोरी नोट,
आणि नजर हळूहळू वर.
काही बोलल्या नाहीत.
त्या रात्री त्यांचा इडलीचा ग्राइंडर घरघरला नाही.
दुसऱ्या रात्रीही नाही.
नंतर कळलं, त्यांनी तो उचलून गॅलरीत नेलाय,
खाली सतरंजीची चौघडी घालून.

पहाटे तीन.
श्रीरंग झोपलाय, दांडा अजून दाराआडच उभा.
पाजून झालं की मी तिला खांद्यावर घेते,
बोटं जुळवून पाठीवर थोपटते
आणि सवयीनं कान देते.
हा आवाज छतात कुठंच सापडला नव्हता.
एवढीशी पाठ,
आणि कानाकोपऱ्यापर्यंत भरीव.

ढेकर येतो. आंबट, माझ्या मानेवर.
मग तिला ठेवते, उताणी, तिच्या दोन बाय तीनमध्ये,
दुपट्यावरची पांढरी भुकटी बोटानं टिपून बघते.
पावडरच आहे.
पावडरच असावी.