हाकेच्या अंतरावर

आजवर सगळं एकाच घरात होतं.
पत्ता आला की दार उघडायचं,
दारामागचं फंक्शन उठायचं,
कपाटातून बोटीचं वेळापत्रक काढून द्यायचं.
हाक मारली की ओ.
मधे भिंतसुद्धा नव्हती.

मग पुएर्तो विल्यम्सच्या कचेरीने कळवलं:
खुर्च्यांचा हिशेब यापुढे आमच्या सर्व्हरवर,
तुम्ही विचारा, आम्ही सांगू.
पुंता अरेनासहून तिथे बोटीला तीस तास लागतात.

मी फ्रेमवर्कला एक खोली वाढवली.
काय विचारायचं, कुठल्या क्रमाने,
उत्तर कसल्या आकाराचं, याचा करारनामा लिहिला.
त्यावरून यंत्राने आपला आपण एक तोतया घडवला.
नाव तेच, चेहरा तोच.
'आसन राखा' म्हटलं की इथेच मान डोलावतो
आणि गुपचूप सामुद्रधुनी ओलांडून जातो.
बाकीच्या कोडला गंधही नाही.
मी त्या रात्री स्वतःलाच वाइन पाजली.

एलेउतेरिओ बार्रिया शेजारच्या टेबलावर बसतात.
एकतीस वर्षं दीपगृहांशी बिनतारी बोलले,
आता तिकिटांच्या तक्रारी बघतात.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"लांबच्याला जवळचा म्हणतेस, शिमेना.
वाऱ्याला सांगितलंयस का?"

ऑगस्टातला मंगळवार.
हाक गेली. तीन सेकंद. ओ नाही.
तोतयाने, मीच शिकवल्याप्रमाणे,
पुन्हा मारली.
पुन्हा.

हाक तिन्ही वेळा पोचली होती.
वाटेत हरवली होती ती ओ.

बोट सुटली तेव्हा
ओर्तेन्सिया विदालबाईंच्या नावावर तीन खुर्च्या.
त्या मधल्या खुर्चीत बसल्या,
एका बाजूला लोकरीची पिशवी,
दुसऱ्या बाजूला कोणीच नाही.
आणि धक्क्यावर नेमेसिओ सुतार,
रंध्याची पेटी पायाशी ठेवून
फोनवर वाचत होता: जागा शिल्लक नाही.
ते उत्तर मात्र पहिल्या हाकेला आलं होतं.

"आम्ही प्रत्येक निरोपाला आकडा द्यायचो,"
बार्रिया म्हणाले. "सत्तेचाळीस दुसऱ्यांदा आला
तर दीपगृहवाला म्हणायचा,
सत्तेचाळीस मिळालाय, दिवा लावलाय,
लावलेला दिवा पुन्हा कसा लावू?"
आणि पलीकडून काहीच आलं नाही तर?
"तर वहीत लिहायचं, माहीत नाही.
'हो' नव्हे, 'नाही'ही नव्हे."

आता प्रत्येक हाकेच्या गळ्यात आकडा आहे.
तोतयाचं नाव बदललं: 'दुरून आसन राखा'.
आणि पानावर एक नवं वाक्य आलंय,
'अजून कळलेलं नाही.'
साहेबांना ते आवडत नाही.
म्हणतात, गिऱ्हाइकाला असं सांगतात का कधी?

काल नेमेसिओने परत विचारलं.
पान थांबलं.
एक. दोन.
खिडकीबाहेर पाणी पांढरं झालं होतं.
बार्रियांनी सवयीने, कोणालाच उद्देशून नाही,
ओठांतल्या ओठांत म्हटलं, "काम्बियो."
म्हणजे माझं बोलून झालं,
आता तुझी पाळी.