डावं पान

वडगावात, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
दर गुरुवारी साताला आमचा वर्ग भरतो.
सात जण. आठवा पंखा, तोच जास्त बोलतो.
चेन्नक्का होसमनी, कन्नड शाळेतून निवृत्त,
मराठी अशी बोलतात
की क्रियापद शेवटी येऊन जरा दाराशी थांबतं,
चप्पल काढू की नको, विचारत.

पहिल्याच दिवशी मी ऐटीत म्हणालो,
अक्का, मी मागवाला माणूस,
हा देह म्हणजे वस्त्र, श्वास म्हणजे धोटा...
त्यांनी हात वर केला.
"ते सगळं कधीच विणून झालंय गा.
विकून पण झालंय.
तू सांग, आज सकाळी कुणावर वरडलास?"

कांडी भरणाऱ्या रेणुकावर.
"लिही. वहीत. तारीख घाल."

अशी सुरू झाली माझी साधना:
डाव्या पानावर ओरडणं,
उजव्या पानावर कारण.
सहा महिने उजवं पान भरगच्च.
सुताचा भाव, व्यापाऱ्याचा फोन, तुटलेला धागा, पित्त.
मग एका गुरुवारी अक्कांनी सुई-दोरा मागवला
आणि सगळी उजवी पानं
एकाला एक शिवून टाकली.
"आता वाच."

कारणं गेल्यावर वही एवढीशी उरली.
एवढीशी, आणि ओळखीची.
सगळी माझ्या बापाच्या आवाजात होती.

दस्तगीर जळलेल्या मोटारी भरतो.
त्यानं विचारलं, जो तो सांगतो 'मी' सोडा, 'मी' सोडा.
सोडायचा कुठं? बाजारात घेतंय कोण?
अक्कांनी फळ्यावर दोन ओळी काढल्या.
वर: मी येतो.
खाली, कन्नडात: बर्तीनि.
"बघ, आमच्यात 'मी' पुढं उभा राहत नाही.
शब्दाच्या शेपटीत बसतो.
गेला नाही हां. नुसता मागं बसला."
दस्तगीर म्हणाला, आमचं पण चालतंय की,
नुसतं 'येतो' म्हटलं तरी.
अक्का खडू धरून थांबल्या.
"येतो म्हणजे मी येतो, का तो येतो?"
कुणालाच सांगता येईना.
"मग तुमचं तर आमच्यापेक्षा पुढचं.
भांडण कशाचं रे मग?"

तेव्हा खोलीत येऊन गेल्या
डांबर फासलेल्या पाट्या,
बंदचे दिवस, अर्ध्यावरून परतलेल्या एस्ट्या,
सुगंधाच्या भावाच्या दुकानाची काच.
कुणी बोललं नाही.
पंखा बोलला.

आणि साडेआठला लाईट गेली.
पंखा गेला, गल्लीतले सगळे माग एकदम गेले.
तीस वर्षं त्या खडखडाटात राहिलो,
त्यालाच मी शांतता समजत आलो होतो.
अंधारात अक्का म्हणाल्या, "ऐकलं?"
काय, ते सांगितलं नाही.
मला खालच्या गिरणीत
पीठ खाली बसताना ऐकू आलं, आईशप्पथ.
दस्तगीरला डास ऐकू आले.
अक्का म्हणाल्या, ते पण चालतं.

मी फार बदललो, असं काही नाही.
परवाच वरडलो. तारीख घातली.
रेणुकानं विचारलं, मालक, हिशोब कसला लिहूलालायसा?
लपवणार होतो. मग माग बंद केला,
टोपलीशेजारी बसलो
आणि तिला तिचीच पानं वाचून दाखवली,
पहिल्यापासून.
तिचा हात चरख्यावर चालूच होता.
माझं संपल्यावर दात लावून तिनं दोरा तोडला
आणि म्हणाली,
"एक राहिलंय.
दसऱ्याच्या आदल्या दिवशीचं."