नहनु

सोहारच्या अपील कोर्टात एसी इतका थंड
की कारकुनानं खांद्यावर शाल घेतली आहे.
फाईल उजवीकडून उघडते.
पहिल्याच पानावर पाच नावं, एकाखाली एक,
एका कंसात आवळलेली, मोळी बांधावी तशी.

चौथं नाव सुदाम गावणकर.
त्या लिपीत आपला ‘ग’ नाही,
म्हणून गावणकरचा घावणकर झाला.
खुनाच्या खटल्यात ते कुणाला खटकलं नाही.

पाचांत मिळून एक वकील, एक पिंजरा,
एक दुभाष्या. तो मी,
दाभोळचा दळवी. (फाईलमध्ये दलफी.)
वकील दुसऱ्याला वाचवायला उभा राहिला
की चौथा बुडायचा.
होडी एकच होती ना.

कॅम्पातला फोरमन मेला त्याच्या तिसऱ्या रात्री,
पोलीस ठाण्यात, अडीच वाजता,
रौफ सारंग, आरोपी दोन,
मान वळवून सुदामला म्हणाला,
‘आम्ही मारलं रे त्याला.’

सुदामला म्हणाला.
आमच्या बंदरावरच्या कुठल्याही पोराला विचारा:
सुदाम त्यात असता तर रौफ म्हणाला असता,
आपण मारलं.

‘आम्ही’ला उंबरठा असतो,
ऐकणारा त्याच्या बाहेर उभा.
‘आपण’ म्हटलं की तो आत आला, चपला काढून.
अरबीत एवढ्या खोल्या नाहीत.
नहनु, मी म्हटलं.
नहनु, हवालदारानं लिहिलं.
खाली सही केली, सुलेमानी प्यायलो,
घरी गेलो.
झोप लागली मला. हेही नोंदवायला हवं.

आता नवी वकील आहे, बलुशी बाई, आवाज बसलेला.
म्हणते, वेगळा खटला चालला असता
तर रौफला उलट विचारायला कुणीतरी
फक्त सुदामचं असतं.
पाचांना एका दोरीनं तोललंत,
वजन कुणाचं ते तराजूला कळलंच नाही.
आणि मग ती माझं नाव पुकारते.

‘हा फरक व्याकरणात आहे की तुमच्या मनात?’
न्यायाधीश विचारतात.
मी म्हणतो, साहेब,
माझी बहीण ‘आम्ही जेवलो’ म्हणाली
तर माझं ताट मांडलेलं नसतं.
मागच्या बाकावर कुणीतरी हसतं. ते हसत नाहीत.
‘मग त्या रात्री का बोलला नाहीत?’

मी तीनच शब्द बोललो.
कारकून बराच वेळ लिहीत होता.

पुढची तारीख ईदनंतर.
बाहेर पार्किंगमध्ये डांबर बुटाला चिकटत होतं
तेवढ्यात वेळणेश्वरहून फोन, सुदामची बायको.
मागे कोंबड्यांचा आवाज, कुणाचा तरी टीव्ही.
‘दळवीभाऊ,’ ती म्हणाली,
‘काय झालं आपलं?’

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.