शुभविवाह

नौशादच्या स्टुडिओत कोऱ्या सीड्या होत्या,
पण सगळ्यांवर गणपती, आणि खाली सोनेरी शुभविवाह.
साध्या संपल्या, म्हणे. सीझन आहे ना मॅडम.
द्या तीन, म्हटलं.
बिल फाडताना त्यानं विचारलं, कोणाचं हाय?
कवठ्याच्या वाचनालयातल्या कम्प्युटरचं.
त्यानं तसंच लिहिलं.

तो कम्प्युटर जिनिंगच्या काटाघरातला,
अकरा हंगाम कापसाच्या गाड्या मोजलेला.
झाकण उघडलं तर पंख्यात बोटभर रुई.
दमडूजी कोडाप्यांनी ती ओढून काढली,
चिमटीत धरून धागा ताणला,
लांब हाय, म्हणाले,
आणि खिशात ठेवून दिली.

जुना पासवर्ड मॅनेजरला माहीत होता,
मॅनेजर आता सुरतेला.
पेनड्राइव्ह लावला तर नुसता लाल दिवा लागतो,
बाकी ओळख नाही.
त्याला जे द्यायचं ते थाळीतच वाढावं लागतं.

साडेपाचला पहिली लावली.
चारच्या स्पीडनं मारू, नौशाद म्हणाला, घाई केली का बिघडते.
नव्वद टक्क्यांवर लाइन गेली.
इन्व्हर्टर होता, पण तो प्रिंटरला,
तिथं आर्णीचा एक नवरदेव कमरेपर्यंत निघाला होता.

दोन तास बसलो.
दमडूजी धबधब्याच्या पडद्यापुढे स्टुलावर,
मागे काश्मीर का काय ते, अंधारात.
शेवटची गाडी साडेआठची.
त्यांनी एकदाही घड्याळ विचारलं नाही,
फक्त एवढंच, की इंदू, हे फुकट हाय म्हणते, तं त्याईले परवडते कसं?
मी सांगितलं, जगभरची माणसं थोडं थोडं लिहितात.
मंग सावडच झाली, म्हणाले. (आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या.)
याच्याहून सोपं मला सांगता आलं नसतं.

लाइन आली. दुसरी लागली. शंभर.
आता ताळा.
यवतमाळहून मी आकडा उतरवून आणला होता,
बत्तीस अक्षरं, एका ओळीत, अर्थ काहीच नाही.
पडद्यावरचा आणि कागदावरचा
एकसारखा निघाला तर सीडी खरी.
वाचणार दमडूजी. त्यांचा चष्मा नवा होता.

ते प्रत्येक अक्षर दोनदा बोलत.
काट्यावरची सवय,
एकदा गाडीवाल्याले, एकदा लिहिणाऱ्याले.
सात, सात. शून्य, शून्य. सी, सी.
सतराव्यावर मी थांबवलं.
डी म्हणता का बी?
बी.
कोणता बी?
बोंडातला बी. डवऱ्यातला डी मंग येते.
नौशादनं हातातली कात्री खाली ठेवली होती.
एकतीस. बत्तीस.
जुळला, दमडूजी म्हणाले, आणि सवयीनं हात पुढे केला,
पावतीवर सही घ्यायला.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात
अर्धा तास नुसती घरघर,
मग प्रश्न. भाषा कोणती. गाव कोणतं.
यादीत यवतमाळ नव्हतं, कोलकाता होतं, तेच घेतलं.
या यंत्राला नाव काय द्यायचं?
मला वाचनालयाचं आख्खं नाव टाकायचं होतं, देणगीदारांसकट,
पण मधे जागा चालत नाही म्हणाला.
काटा टाक, दमडूजी म्हणाले. दुसऱ्या नावानं त्याले कळनार नाई.

फसलेली सीडी त्यांनी
उन्हाळी ज्वारीत सुतळीनं बांधली.
राघू दोन दिवस लांब बसले.
तिसऱ्या दिवशी एक सरळ गणपतीच्या बाजूनं आला.

परवा लोणबेहळचे गुरुजी आले, त्यांनाही एक पाहिजे.
नौशादकडे साध्या आल्यात आता, पांढऱ्या, तीन रुपयांनी स्वस्त.
मी त्याच मागितल्या, गणपतीवाल्या.
साधी सीडी पोरं फिरवतात, चहाचा कप ठेवतात तिच्यावर.
लग्नाची कोणी टाकत नाही,
ज्यांचं पटलं नाही तेसुद्धा
कपाटात, साड्यांच्या खाली ठेवतात.

निघताना विचारलं,
दमडूजी, येता का शनिवारी? आकडा वाचायचा आहे.
ते चष्मा पुसत होते.